सत्काराची मोसंबी

माणूस एकटा असताना काय करतो यावरून त्याची खरी किंमत ठरते, हे वाक्य मी गेली बावीस वर्षं अकरावीच्या मुलांना निबंधासाठी देत आलो आहे. मुलं त्यावर दीड पान लिहितात आणि मी दहापैकी सहा गुण देतो. मागच्या फेब्रुवारीत चार दिवस मी स्वतःच घरात एकटा होतो. अगदी एकटा म्हणता येणार नाही, दोन हॅम्स्टर होते. माझी किंमत त्यांतल्या एकीच्या पोटात ठरली.

हॅम्स्टर म्हणजे उंदराचा लांबचा नातेवाईक. शेपूट जवळजवळ नाही, आणि गालात पिशव्या असतात. आमच्याकडच्या दोघी बुटक्या जातीच्या, मुठीत मावतील एवढ्या. त्यांना नावं आहेत, पण ती माझ्या मुलीची खासगी बाब आहे. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतो. मुलगी बारा वर्षांची. तिने वर्षभर हट्ट करून, आईच्या तीन अटी मान्य करून त्या आणल्या होत्या, आणि तिन्ही अटी ती पाळत होती. आमच्या घरात हे नवीनच होतं.

पुंडलिकनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये फ्रिजच्या दारावर तिने एक यादी चिकटवली होती. हॅम्स्टरचं मुख्य जेवण म्हणजे दाणे. यादी होती वरून द्यायच्या ताज्या खाऊची. काकडी : धुऊन, बिया काढून, हरभऱ्याएवढी. कोथिंबीर : दोन पानं. फ्लॉवरचा तुरा : नखाएवढा. मटार : एक दाणा, तोही आठवड्यातून एकदा. गाजर क्वचित, कारण गोड. नवीन भाजी एका वेळी एकच. उरलेलं संध्याकाळीच काढून टाकणे. आणि खाली, दोनदा अधोरेखित : कधीच नाही. त्यात कांदा, लसूण, कच्चा बटाटा, लिंबू, संत्रं, मोसंबी, आणि कंसात ‘कुठलंही गोड फळ’.

मी त्या यादीला परिपत्रक म्हणायचो. बाजारात तासभर उभं राहून भेंडी मोडून बघणाऱ्या माणसांनी सुद्धा स्वतःच्या खाण्याचा एवढा विचार केलेला मी पाहिला नव्हता. शिवाय यादीतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका मी लाल पेनाने दुरुस्त केल्या होत्या. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मला ‘यादी वाचली नव्हती’ असं म्हणायची सोय उरली नाही.

त्या आठवड्यात गंगापूरला माझ्या मेहुण्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. त्याच शुक्रवारी इथे एका साहित्य मंडळाने माझा सत्कार ठेवला होता. सत्कारांबद्दल माझी मतं सगळ्यांना ठाऊक आहेत. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, आणि ‘सत्कारमूर्ती’ हा शब्द उच्चारताना निवेदकाचा चढणारा आवाज, यावर मी स्टाफरूममध्ये अर्धा अर्धा तास बोललो आहे. म्हणून बायकोने विचारलं, “आम्ही थांबू का कार्यक्रमाला?” तेव्हा मी म्हणालो, “छे, शाल-नारळाचा पोरखेळ आहे. तुम्ही जा.”

आणि त्या गेल्या. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारी माणसं घरात असणं त्या दिवशी पहिल्यांदा गैरसोयीचं वाटलं.

हॉलमध्ये आम्ही सातजण सत्कारमूर्ती होतो. बाकी सहांच्या घरची माणसं पुढे येऊन मोबाइलवर फोटो काढत होती. माझा फोटो कुणाच्या तरी भाच्याने चुकून काढला असेल तर असेल. मला शाल मिळाली, नारळ मिळाला, चकचकीत कागदात बांधलेली फळांची परडी मिळाली. येताना ती परडी मांडीवर घेऊन मी रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, “कुणी ॲडमिट आहे का, साहेब?”

सत्काराची फळं आमच्या घरी कुणी खात नाही. आमच्याच काय, मला वाटतं शहरात कुठेच खात नाहीत. ती फ्रिजमध्ये थांबतात, आणि कुणी आजारी पडलं की त्याच्याकडे जातात. कागद सुटत नाही, फक्त घर बदलतं. पण त्या संध्याकाळी मला ती परडी दुसऱ्या कुणाला द्यावीशी वाटली नाही. मी कागद फोडला.

दोघी नुकत्याच उठल्या होत्या. मी परिपत्रकानुसार काकडीचा तुकडा दिला. थोरलीने तो उचलला आणि माझ्याकडे पाठ करून निघून गेली. मुलीच्या तळहातावर या दोघी चढून बसतात. माझं बोट दिसलं की घरट्यात पळतात. अशा वेळी शहाण्या माणसाने परडी बंद केली असती. मी मोसंबी सोलली आणि एक फोड धाकटीपुढे धरली.

ती मागच्या पायांवर उभी राहिली. तिने फोड दोन्ही हातांत घेतली. मान खाली घातली. हॉलमध्ये इतक्या अदबीने कुणी काही स्वीकारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

शनिवारी मी द्राक्षं दिली. रविवारी चिकू. मोसंबी तिन्ही दिवस होतीच. रविवार संध्याकाळपर्यंत अशी वेळ आली की माझं बोट दिसताच दोघी धावत यायच्या. धाकटी माझ्या तळहातावर चढून बसली तेव्हा मी डाव्या हाताने फोटो काढून मुलीला पाठवला. लगेच तिचा मेसेज आला : “बाबा!! ती तुमच्याकडे आली?? काय दिलंत??”

मी उत्तर पाठवलं : “प्रेम.”

सोमवारी रात्रीच्या जेवणाआधी मायलेकी परत आल्या. तोपर्यंत फळं संपली होती आणि साली कचऱ्याच्या गाडीत गेल्या होत्या. मंगळवारी सकाळी मुलगी पिंजऱ्यापाशी बसून होती. धाकटी कोपऱ्यात पाठ वर करून बसली होती, डोळे अर्धवट मिटलेले, मागची बाजू ओली.

“अहो, जुलाब लागलेत हिला,” बायको म्हणाली. “एवढुसा जीव. घेऊन जा लवकर.”

प्राण्यांच्या डॉक्टरांकडे एक शेळी आणि एक लॅब्रेडॉर आमच्या आधी होते. आमचा नंबर आला. मुलगी आणि मी धाकटीला बुटाच्या खोक्यात घेऊन आत गेलो, आणि डॉक्टर उठून उभा राहिला.

“सर! तुम्ही? बसा, बसा.” त्याने स्वतःच्या रुमालाने स्टूल पुसलं. तो माझा विद्यार्थी निघाला. “माझा निबंध तुम्ही वर्गात वाचून दाखवला होता. आठवतंय ना, सर?”

मला आठवत नव्हतं. मी ‘हो’ म्हणालो. पुढच्याची ही रंगीत तालीम होती.

तो मुलीकडे वळला. “बेटा, आमच्या घरात उर्दू. मराठीत लिहायचं म्हणलं की माझे हात कापायचे. सर म्हणले, जे खरं हाय ते लिही, भाषा मागून येते.” मग त्याने धाकटीला हातात घेतलं, पोट चाचपलं, आणि त्याच मोकळ्या आवाजात विचारलं, “काय काय दिलं होतं खायला?”

मुलीने माझ्याकडे पाहिलं.

“यादीप्रमाणे,” मी म्हणालो. “काकडी.”

“अजून?”

“तेवढंच.”

“फळबिळ? गोड काही?”

“नाही.”

“मग प्रश्नच मिटला,” तो लिहीत म्हणाला. “सर म्हणतायत म्हणल्यावर. नाहीतर लोक लई फसवतात, सर. या बुटक्यांना साखर झेपत नाय. डायबेटिस होतो यांना, माणसावानी. आणि आंबट तर नकोच नको. पण लोक द्राक्षं देतात, आंबा देतात, वर म्हणतात काही दिलं नाय.” त्याने थेंबांची बाटली दिली. “काकडीच बाधली असंल. नायतर धुवायचं पाणी. तीन दिवस ताजं काही देऊ नका. ऊब ठेवा. आणि बेटा, हिनं दाणा खाल्ला नाय तर मला फोन कर. एवढ्या जिवाकडं वेळ कमी असतो.”

शेवटचं वाक्य त्याने मुलीला सांगितलं. ऐकलं मी. अजून बोलता आलं असतं. खोलीत चौघंच होतो, त्यांतली एक चाळीस ग्रॅमची. पण रुमालाने पुसलेल्या स्टुलावर बसून ते मला जमलं नाही.

घरी आल्यावर मुलीने तपास सुरू केला. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी बायको ड्रम भरून ठेवते, आणि पुढचे कित्येक दिवस घर त्या ड्रमावर चालतं. मुलगी ड्रमात वाकून बघायला लागली.

“ड्रम मी गुरुवारीच घासलाय,” बायको म्हणाली.

“पण शेवाळ असू शकतं ना, आई.”

“म्हणजे माझ्या ड्रमानं मारलं का तुझ्या उंदराला?”

या ठिकाणी मी गप्प बसलो असतो तरी माझी नोंद थोडी बरी झाली असती. मी म्हणालो, “पाणी उकळून घेतलेलं केव्हाही चांगलं.” बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि पातेलं गॅसवर ठेवलं. उकळलेलं पाणी हे दिसायला साध्या पाण्यासारखंच असतं. ते पिताना मात्र फरक कळत होता.

बुधवारी सकाळी भाजीची गाडी घेऊन येणाऱ्या मावशी खाली थांबल्या. मुलगी जिना उतरून गेली. मी पिशवी घेऊन मागे.

“मावशी, काकडीवर फवारा मारलेला असतो का?”

“काय झालं गं बाय?”

“माझा हॅम्स्टर आजारी पडला. काकडी खाऊन.”

“काय खाऊन?” मावशींनी तराजू खाली ठेवला. “माझी काकडी? घरच्या वावरातली काकडी हाय ती! माझी तीन पोरं हीच खाऊन वाढली. एक तर पोलिसात लागला. कुणाचं पोट दुखलं नाय आजवर.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “सर, तुम्ही तरी सांगा की पोरीला. तुम्ही खाता ना?”

“बघू,” मी म्हणालो, “उन्हाळ्याचे दिवस आहेत.”

याचा अर्थ काय होतो ते मला आजही माहीत नाही. मावशींनी काकड्यांवरचं ओलं फडकं सारखं केलं आणि गाडी पुढे ढकलली. रोज कोथिंबिरीच्या दोन काड्या वरून टाकायच्या, त्या दिवशी टाकल्या नाहीत. मुलीचे डोळे भरले होते. तिला मावशी आवडायच्या.

संध्याकाळपर्यंत धाकटीने दाणा घेतला नव्हता. मुलीने डॉक्टरांना फोन केला. तो म्हणाला, “घरटं पूर्ण साफ करा. या गालात भरून नेतात आणि खाली दडवतात. तिथं काही सडत असंल तर तेच ती परत परत खात असंल.”

“मी करतो साफ,” मी म्हणालो.

माझा चहाचा कपही मी कधी विसळलेला नाही. बायकोने घासणी माझ्या हातात दिली.

दोघींना खोक्यात ठेवून मी पिंजरा बाथरूममध्ये नेला आणि दार लोटून घेतलं. कागदाच्या पट्ट्या बाजूला केल्या. खाली एक व्यवस्थित कोठार होतं. सूर्यफुलाच्या बिया एका बाजूला. दुसऱ्या बाजूला द्राक्षाचं अर्धुक, तपकिरी पडलेलं. चिकूचा लगदा, त्याला दारूसारखा वास. मोसंबीच्या फोडीचं साल आणि तीन बिया. माझी गोष्ट त्या दोघींनी तारखेवार जपून ठेवली होती. मी ते सगळं मुठीत गोळा केलं. कमोड दोन फुटांवर होता.

“बाबा,” दाराबाहेरून आवाज आला, “काय सापडलं?”

“काही नाही,” मी म्हणालो. “भुसा.”

तिने विश्वास ठेवला. दाराच्या फटीतून स्वयंपाकघर दिसत होतं. ती फ्रिजसमोर गेली. माझं लाल पेन तिथेच दोऱ्याला बांधलेलं होतं. काकडी तिने आदल्या दिवशीच खोडली होती. आता तिने कोथिंबीर खोडली. मग फ्लॉवर. मग गाजर आणि मटार. खाली लिहिलं : फक्त पाणी, उकळून. मग पेन तसंच हातात धरून ती आईला म्हणाली, अगदी साध्या आवाजात, “आई, मला वाटतं मलाच हे नीट येत नाही. कुणाला तरी देऊन टाकू या का यांना? ज्यांना नीट येतं अशा कुणाला.”

मूठ कमोडावर रिकामी करून आणखी एकदा ‘काही नाही’ म्हणण्याएवढा वेळ माझ्याकडे होता. तो मी वापरला नाही, यात माझं मोठेपण नाही. ‘ज्यांना नीट येतं’ हे तिचे शब्द मला खोडता येईनात.

मी बाहेर आलो आणि जेवणाच्या टेबलावर मूठ उघडली. भाषण तयार होतं. “माणसाच्या हातून कधी कधी,” मी सुरुवात केली.

मुलगी वाकून बघत होती. तिने बोटाने एक बी बाजूला केली. “ही कशाची?”

“मोसंबीची.”

“आणि हे?”

“चिकू. ते द्राक्ष.”

“तुम्ही लिहिलं होतं, प्रेम,” ती म्हणाली. चिडून नाही. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. “म्हणजे किती फोडी?”

“पहिल्या दिवशी एक.”

“नंतर?”

“नंतर मोजल्या नाहीत.”

“आणि माझा ड्रम?” बायको म्हणाली.

मुलीने फोन उचलला, नंबर लावला, स्पीकर सुरू केला. “डॉक्टर काका, बाबांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय.” आणि फोन त्या तीन बियांशेजारी ठेवून दिला.

मी सांगितलं. स्वयंपाकघरात उभं राहून, बायकोसमोर, मुलीसमोर, माझ्या विद्यार्थ्याला. पलीकडे मागे एक कुत्रं भुंकत होतं.

“मोसंबीपण, सर?”

“हो.”

“तीन दिवस?”

“हो.”

“बरं झालं सांगितलं, सर,” तो म्हणाला. “काल कळलं असतं तर अजून बरं झालं असतं. आता औषध बदलू. घेऊन या, मी दवाखान्यात थांबतो.” त्याने ‘सर’ म्हणणं सोडलं नव्हतं. सोडलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

धाकटी वाचली. शुक्रवारी तिने पहिला दाणा खाल्ला, रविवारी दोन. शनिवारी मुलीने मला खाली नेलं आणि मावशींच्या गाडीसमोर उभं केलं. “सांगा,” ती म्हणाली. मी सांगितलं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. “उंदराला मोसंबी?” त्या म्हणाल्या. “आन् तीन दिवस माझी काकडी बदनाम? सर, तुम्ही तर पोरांना शिकवता म्हणं.” मग त्यांनी एक काकडी उचलली, मोडली, अर्धी माझ्या हातात दिली. “खा. हितंच खा.” रस्त्यात उभं राहून मी ती खाल्ली. चांगली होती. त्यांनी कोथिंबीर दिली, पण माझ्याकडे नाही, मुलीच्या हातात.

फ्रिजवर नवी यादी लागली. काकडी परत आली, कोथिंबीर परत आली. ‘उकळून’ गेलं. ‘कधीच नाही’ या मथळ्याखाली लिंबू, संत्रं, मोसंबी यांच्यानंतर एक नवी ओळ होती : बाबांनी काहीही देऊ नये. तीत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

जून महिन्यात, शाळा सुरू झाल्याच्या आठवड्यात, सकाळी दप्तर भरता भरता मुलगी म्हणाली, “आज काकडी तुम्ही दिलीत तरी चालेल. एकच तुकडा. बिया काढून.” आणि ती गेली. बायको कामावर गेली. घरात पुन्हा मी एकटा.

मी काकडी धुतली. साल काढावी की नाही हे यादीत पुन्हा पाहिलं. बिया काढल्या, तुकडा हरभऱ्याएवढा आहे याची खात्री करायला डब्यातला हरभरा काढून शेजारी ठेवला. हात धुतले. पिंजऱ्याचं दार उघडून तुकडा बोटावर धरला आणि वाट पाहिली. कुणी आलं नाही. कागदाच्या पट्ट्यांमधून धाकटीची पाठ दिसत होती, ती हलली नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. खांदा भरून आला तरी मी हात काढला नाही. तिला सगळं आठवत असणार, असं माझ्या मनात आलं. माफी मिळण्यासारखं मी काही केलेलंही नव्हतं, आणि एका मुक्या जिवाने ते बरोबर ओळखलं होतं.

तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. हॅम्स्टर दिवसा झोपतात.